मोबाईलचे शिक्षण : आधी पाया, मग मजला

नवलाख उंबऱ्याच्या शिवारात एमआयडीसी आली, तशी पोरांच्या शिक्षणाची वाटही बदलली. तुमचा मुलगा वा मुलगी मोबाईलचे अ‍ॅप बनवायला शिकायचे म्हणत असेल, तर क्लासची फी भरण्याआधी विचारा : एकाच जातीच्या फोनचे काम शिकवणार, की सगळ्या फोनचे?

अँड्रॉइडला कोटलिन, आयफोनला स्विफ्ट. फ्लटरमध्ये एकदा लिहिलेला प्रोग्राम बहुतांशी दोन्हीकडे चालतो, कंपनीचा खर्च वाचतो. पण अशी साधने मोडीतही निघतात. मायक्रोसॉफ्टने झॅमरिनचा आधार मे २०२४ मध्ये बंद केला. आयफोनच्या कामाला अ‍ॅपलचा महागडा संगणक लागतो. अँड्रॉइडला साधा चालतो. तेव्हा आधी कोटलिन पक्के करा, मग फ्लटर. साधन बदलले तरी पाया हाताशी राहतो.