मारण्याआधी ओळखा : गच्चीवरचा ढालकिडा

मागच्या हिवाळ्यात आमच्या गच्चीवरच्या चवळीला शेंगा धरू लागल्या आणि त्याच आठवड्यात वेलावर मावा पडला. कोवळे शेंडे काळ्या बारीक किड्यांनी भरून गेले, पाने चिकट झाली, कुंडीवर मुंग्यांची रांग लागली. त्यातच पानांवर काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या चार-सहा अळ्या फिरताना दिसल्या. मला वाटले, हा सगळा नाश यांचाच. दिसेल ती अळी मी चिरडली. मग बाजारातून औषध आणून फवारले. मावा गेला, पण पंधरा दिवसांत परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त आला.

त्याहून मोठा धक्का दुसऱ्याच दिवशी बसला होता. आमची सहा वर्षांची धाकटी वेलाची शेंग तोडून तशीच तोंडात घालत होती. मी धावत जाऊन ती हिसकावून घेतली. ती रडत म्हणाली, "अम्मी, आपल्याच घरची शेंग, मग का नाही खायची?" माझ्याकडे उत्तर नव्हते. भाजी घरी लावली ती मुलांच्या पोटात औषध जाऊ नये म्हणून, आणि औषध मीच फवारले होते.

काही दिवसांनी सासूबाई गावाहून आल्या. त्यांचा सगळा जन्म शेतात गेलेला. मी त्या अळीचे वर्णन केले तेव्हा त्या हळहळल्या. "बेटा, ती तर राखणदार होती. तू चोराला सोडून तिलाच मारलंस."

अळी कोणाची?

लाल-नारिंगी पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, अर्ध्या वाटाण्यासारखा गोल किडा आपण सर्वांनी पाहिला आहे. इंग्रजीत त्याला लेडीबर्ड म्हणतात, शेतीच्या पुस्तकांत ढालकिडा. त्याचे रूप सगळ्यांना आवडते, पण त्याची अळी कोणी ओळखत नाही. ती अगदी वेगळी दिसते, म्हणून तीच आधी मारली जाते. खरे तर एक अळी मोठी होईपर्यंत काही शे मावा फस्त करते.

फवारणीनंतर मावा वाढला कसा, तेही समजून घ्या. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्ले देतात आणि ती पिल्ले साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. औषधाने दोघेही मेले, तर शर्यत मावाच जिंकतो.

बरणीतली जोपासना

या वर्षी आम्ही औषध आणले नाही, अळ्या पाळल्या. लागते ते सगळे घरातच असते : रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, मलमलीचा तुकडा, रबर आणि रंगकामाचा मऊ कुंचला.

१. चवळी, वाल, मोहरी यांच्या न फवारलेल्या झाडांवर, मावा असेल तिथे, पानाची खालची बाजू पाहा. पिवळी, टोकदार, एकमेकींना लागून उभी असलेली अंडी दिसली की पान देठासह तोडा आणि बरणीत ठेवा. अळ्या मिळाल्या तर कुंचल्याने उचला, चिमटीत धरू नका.

२. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. एका बरणीत चार-पाच अळ्याच ठेवा. भूक लागली की या अळ्या एकमेकींना खातात. आमच्या पहिल्या बरणीत गर्दी झाली आणि अकरातल्या तीन अळ्या अशाच गेल्या.

३. मावा असलेला ताजा शेंडा सकाळ-संध्याकाळ द्या. सुकलेली पाने काढून टाका. पाण्यासाठी ओल्या कापसाचा लहानसा बोळा पुरतो. वाटीत पाणी ठेवले तर त्या बुडतात. बरणी उन्हात ठेवू नका.

४. दीड-दोन आठवड्यांनी अळी पानाला किंवा मलमलीला शेपटीकडून चिकटते आणि तिचा कोष होतो. तो उपटू नका. आठवड्याभरात किडा बाहेर येतो. सुरुवातीला तो फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत रंग चढतो. हे पाहायला आमची मुले शाळेतून थेट बरणीकडे धावत.

५. सोडताना संध्याकाळची वेळ धरा. झाडावर थोडे पाणी शिंपडा आणि मावा असेल तिथेच किडे ठेवा. एक अनुभवाची गोष्ट : मोठा किडा उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवरही जातो. म्हणून निम्म्या अळ्या कोष होण्याआधीच वेलावर सोडा. त्यांना पंख नसतात, त्या तिथेच राहून काम करतात.

मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. मावा गोड चिकट रस टाकतो, त्या रसासाठी मुंग्या ढालकिड्यांना हुसकावतात. कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या परातीत ठेवली की मुंग्या चढत नाहीत.

एका तंबूची गोष्ट

ही युक्ती नवी नाही. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा उजाड होत होत्या. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेल हे कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्या किडीला खाणारे व्हेडालिया नावाचे ढालकिडे त्यांनी बोटीने पाठवले. पहिल्या तीन खेपांत मिळून ते अवघे १२९ होते. लॉस एंजेलिसला एका झाडावर कापडी तंबू उभारून ते आत सोडले. काही महिन्यांत झाड स्वच्छ झाले, तंबू उघडला आणि तिथून किडे बागांमध्ये पसरले. १८८९ संपेपर्यंत कीड आटोक्यात आली होती. आपल्या बरणीवरची मलमल म्हणजे तो तंबूच.

आपल्याकडे द्राक्ष, पेरू, सीताफळावरच्या पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा वापरतात. प्रयोगशाळांत लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवून त्यावर तो पोसला जातो. त्याची अळी पांढऱ्या मेणाने झाकलेली, थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. जास्वंदीवर मोठी, भराभर चालणारी, कापसाच्या झालरीसारखी "कीड" दिसली तर हात आवरा.

सगळेच मित्र नसतात

वांग्याच्या पानांची जाळी करणारा एपिलॅक्ना भुंगा याच कुळातला. तो मळकट तांबूस असतो, अंगावर बारीक लव असते, ठिपके बरेच असतात. त्याची पिवळी अळी काटेरी असते. ढालकिड्याची पाठ चकचकीत असते. पान खाल्लेले दिसले तर शत्रू समजा. नुसता मावा कमी होत असेल तर मित्र.

आमच्या वेलावर आजही थोडा मावा आहे. तो मुद्दाम ठेवला आहे. खायला काही उरले नाही तर हे पाहुणे निघून जातील. शेजारी शेपू आणि कोथिंबीर फुलू दिली आहे, कारण मोठे किडे त्यांचे परागही खातात. परवा धाकटीने शेंग तोडली. मी ती साध्या पाण्याने धुतली आणि तिच्याच हातात परत दिली.