पट्टा पोटावर नको, हाडावर हवा

शहागंजच्या घड्याळ टॉवरपाशी पाच मिनिटं उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या काचेतून आत बघा. काहींनी सीट बेल्ट लावलेलाच नसतो. काहींनी लावलेला असतो, पण काखेखालून घेतलेला. काही महाभाग पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून नुसता बकलमध्ये अडकवतात, गाडीचं टुंगटुंग बंद व्हावं म्हणून. मागच्या सीटवर पट्टा लावलेला माणूस दिसला तर तो बहुतेक बाहेरगावचा.

आता शहागंजात हातगाडे, रिक्षा आणि दुचाक्यांच्या गर्दीत गाडी वीसच्या वर जातच नाही, त्यामुळे "इथं कशाला पट्टा?" हे म्हणणं पटतंही. पण तीच गाडी अर्ध्या-पाऊण तासात सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढते. तिथं कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. आणि पट्टा शहागंजात होता तसाच राहतो.

पट्टा लावावा हे सगळ्यांना माहीत आहे, ते सांगायला पोलीस आणि पोस्टर आहेत. मला बोलायचंय ते पट्टा शरीरावर नेमका कुठं असावा यावर. कारण पट्ट्याचं सगळं विज्ञान त्या जागेत आहे.

आधी शाळेतलं गणित. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. या वेगाने कशावर तरी आदळणं म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडणं. १२०ला ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते: ५६-५७ मीटर. वेगाचा वर्ग येतो ना सूत्रात, तो इथं नडतो.

धडक होते तेव्हा गाडीचा पुढचा भाग चुरगाळतो. लोक म्हणतात, "आजकालच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे." पण ते चुरगाळणं मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या साधारण अर्ध्या मीटरच्या चुरगाळण्यात, सेकंदाच्या दहाव्या भागात, गाडी थांबते. प्रश्न असा की तेवढ्या वेळात तुम्ही कुठं असता? पट्टा अंगाला घट्ट असेल तर तुम्ही गाडीला बांधलेले असता आणि गाडीबरोबर हळूहळू (म्हणजे त्या दहाव्या भागातलं हळूहळू!) थांबता. पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि तुम्ही ताशी ६०नेच पुढे जात राहता, थांबलेल्या डॅशबोर्डवर आदळेपर्यंत. मग थांबायला उरतात फार तर पाच सेंटिमीटर, तेही तुमच्याच छातीचे नाहीतर कवटीचे.

७० किलोच्या माणसासाठी हिशेब केला तर ६० सेंटिमीटरमध्ये थांबताना सरासरी १.६ टनाचा जोर येतो. पाच सेंटिमीटरमध्ये थांबताना २० टनांचा. माणूस तोच, वेग तोच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. ढिल्या पट्ट्याचा तोटाही इथंच कळतो: अंग आधी त्या ढिलेपणातून पुढे सरकतं आणि तेवढं अंतर फुकट जातं.

आता १.६ टन हाही काही कमी जोर नाही. तो शरीराने घ्यायचा कुठं?

हाडांवर. १९५४च्या डिसेंबरमध्ये जॉन स्टॅप हे अमेरिकन हवाईदलाचे डॉक्टर स्वतः रॉकेटच्या घसरगाडीवर बसले, ताशी हजार किलोमीटरच्या वर गेले आणि सव्वा सेकंदाच्या आसपास थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट झटका त्यांनी सोसला. डोळ्यांत रक्त उतरलं, पण माणूस जगला, आणि पुढे ८९ वर्षांचा होऊन गेला. अंगावरच्या पट्ट्यांनी तो जोर शरीराच्या मजबूत भागांवर वाटून दिला होता म्हणून.

आपल्या गाडीतला तीन टोकांचा पट्टा १९५९मध्ये व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या अभियंत्याने आणला. हे गृहस्थ त्याआधी लढाऊ विमानांच्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचे. त्यांच्या पट्ट्याचे दोन भाग आहेत. आडवा भाग कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर, त्यांच्या खालच्या अंगाला, मांड्या जिथं सुरू होतात तिथं बसायला हवा. तिरका भाग खांद्याच्या मधोमध, हासळीच्या हाडावरून आणि छातीच्या मधल्या सपाट हाडावरून उतरायला हवा. ही हाडं जोर घेऊ शकतात. पोट घेऊ शकत नाही.

बोलिनच्या पट्ट्याआधी नुसता कमरेचाच पट्टा असायचा आणि तो हमखास पोटावर सरकायचा. अपघातातून वाचलेल्या लोकांची आतडी फाटलेली, कण्याचा मणका आडवा तुटलेला, असं डॉक्टरांना दिसायला लागलं. १९६२मध्ये या दुखापतींना 'सीट बेल्ट सिंड्रोम' असं नावच पडलं. पट्टा तीन टोकांचा झाला तरी तो पोटावर घेतला तर तेच होतं. सीट मागे पाडून झोपून प्रवास करणाऱ्यांचंही तेच: धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि आडवा पट्टा पोटात रुततो. लांबच्या प्रवासात शेजारच्या सीटवर कुणी असा पहुडला की मला त्याला उठवावंसं वाटतं, मग त्याची झोप गेली तरी चालेल.

काखेखालून घेतलेला पट्टा खालच्या बरगड्यांवर येतो. त्या मोडल्या तर आत एका बाजूला यकृत, दुसऱ्या बाजूला प्लीहा. शिवाय वरचं धड मोकळं राहतं, ते पुढे झुकतं आणि डोकं आदळतं. मानेला टोचतो म्हणून लोक असं करतात. त्यावर उपाय साधा आहे. बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावर पट्ट्याची उंची खाली-वर करायचं बटण असतं, आणि ड्रायव्हरची सीटही थोडी वर घेता येते.

आपल्याकडचे कपडे हा एक वेगळाच विषय. साडीच्या निऱ्या जिथं खोचतात तिथं जाड गठ्ठा होतो, आणि पट्टा त्याच्यावर, म्हणजे बरोबर पोटावर बसतो. तो निऱ्यांच्या खाली, मांड्यांकडे ओढून घ्यायचा. बुरखा किंवा शाल असेल तर बसल्यावर कापड सारखं करून पट्टा शक्य तितका अंगालगत घ्यायचा. गरोदर बाईनेही पट्टा लावायचाच: आडवा भाग पोटाच्या खाली, तिरका दोन स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने. पोटावरून कुठलाच भाग नाही.

लहान मुलांना मांडीवर घेणं आपल्याकडे मायेचं समजलं जातं. ताशी ५०च्या धडकेत दहा किलोचं बाळ हातांना २०० किलोचं होतं. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. बाळासाठी त्याच्या वजनाची वेगळी सीट लागते, आणि साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला उंच करणारी बूस्टर सीट, नाहीतर मोठ्यांचा पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो.

मागच्या सीटचं बोलताना मराठवाड्यातल्या माणसाला ३ जून २०१४ आठवतोच. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते, मागच्या सीटवर, पट्ट्याशिवाय. दुसऱ्या गाडीने बाजूने धडक दिली. मानेला आणि यकृताला झालेल्या इजांनी ते गेले. बाजूच्या धडकेत पट्ट्याचा उपयोग समोरच्या धडकेइतका होत नाही, त्यामुळे 'पट्टा असता तर वाचलेच असते' असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ४ सप्टेंबर २०२२चा अपघात मात्र समोरून झालेला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, दोघंही पट्ट्याविना, त्यात गेले. गाडी चांगली महागडी होती.

मागच्याने पट्टा लावला नाही तर धोका फक्त त्यालाच असतो असंही नाही. जपानमधल्या अपघातांवरचा एक अभ्यास २००२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मागचे प्रवासी मोकळे असतील तर पट्टा लावलेल्या पुढच्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात दिसलं. मागचा सत्तर किलोचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळतो, दुसरं काय. कायद्याने मागच्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार दंड १००० रुपये, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तरी तोच.

"एअरबॅग आहे की!" असं एक उत्तर हमखास येतं. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि पट्टा लावलेला माणूस तिच्यापर्यंत पोचेल तेव्हा ती तयार असावी अशा हिशेबाने बनवलेली असते. पट्टा नसलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो. तो फटका स्वतःच जीवघेणा ठरू शकतो.

बकलमध्ये नुसती खोचून गाडीचा आवाज बंद करणारी क्लिप हा तर कहर. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावलं, तेव्हा १३ हजारांवर जाहिराती उतरल्या. एवढ्या जाहिराती म्हणजे घेणारे किती असतील बघा.

शेवटी एक काम, पाच मिनिटांचं. आपल्या गाडीची मागची सीट तपासा. नवी गाडी आली की आपण आधी सीट कव्हर चढवतो, आणि मागची बकलं त्याखाली कायमची गाडली जातात. पाहुणे बसल्यावर पट्टा शोधतात, बकल सापडत नाही, "जाऊ दे" म्हणतात. कव्हरवाल्याकडे जाऊन तिथं नीट कापून शिवून घ्या आणि बकलं वर काढा. मधल्या सीटचंही बकल बघा. ते हमखास फटीत पडलेलं असतं, शेंगदाण्याच्या टरफलांसोबत.