राणीचं लुगडं

आमच्या गोकुळ रोडवरून गावात जायचं म्हटलं की चन्नम्मा सर्कल चुकत नाही. बसच्या खिडकीतून राणीचा पुतळा दिसतो, घोड्यावर बसलेली आणि तलवार उगारलेली. पाचवीतली आमची नात अगदी लहानपणापासून तिला बघत आली आहे. गेल्या राज्योत्सवाला शाळेत वेशभूषा होती आणि तिच्या वाट्याला नेमकी चन्नम्माच आली. घरी येऊन दप्तरही न टाकता तिने पहिला प्रश्न काय विचारावा? "आज्जी, साडी नेसून घोड्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसता येतं का गं?"

गोल साडीत नाही बसता येत, बाळा. काष्टा असला तर येतं.

सुनेने उत्साहाने तयार शिवलेली नऊवारी मागवली. गुलाबी रंग, हातभर सोनेरी काठ, आणि पाकिटावर दीपिका पडुकोणचं नसलं तरी तिच्यासारखं दिसणारं चित्र. पायजम्यासारखे पाय घालायचे, नाडी ओढायची, झाली नऊवारी! नातीने ती घातली, उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टांग टाकली, तलवार उगारली आणि मागची शिवण टर्रकन उसवली. सगळे हसलो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पलंगावरून म्हणाल्या, "हे लुगडं न्हवं, पिशवी हाय. सिनेमातल्या बायका हल्ली असलंच घालतात, म्हणून घोड्यावर बसल्या तरी बाहुल्या वाटतात."

झालं! त्या रात्री जेवणं लांबली. कुणाची राणी खरी, कुणाचं नेसणं खरं, यावर चार पिढ्यांचा वाद रंगला. धारवाडहून विहीणबाई आल्या होत्या, त्यामुळे मराठी-कन्नड दोन्ही बाजू भक्कम होत्या.

सासूबाईंचं मत ठाम. जिजाऊ एकच, सुलोचनाबाईंची. भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' आला १९६४ साली, आणि त्यानंतर जिजाऊ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरा चेहराच येत नाही. माझं माहेर निपाणीचं, त्यामुळे या बाबतीत मलाही थोडा माज आहे. सुलोचनाबाई चिकोडीकडच्या खडकलाटच्या, म्हणजे आमच्या शेजारगावच्याच. १९२८ साली जन्मलेली ही खेडेगावची मुलगी कोल्हापुरात भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत गेली, पद्मश्री झाली, महाराष्ट्रभूषण झाली आणि २०२३ साली वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे. त्या जिजाऊच्या अंगावर काय होतं हे आठवायला गेलं तर काही आठवत नाही. डोक्यावरचा पदर आठवतो आणि त्या पदराखालचे डोळे. पदर घसरेल अशी धास्ती त्या चेहऱ्यावर कधीच नव्हती. जन्मभर जे नेसलं, तेच नेसून कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं की असं होतं.

माझी आवडती मात्र जयश्री गडकर. सासूबाई नाक मुरडतात, "ती तमाशातली." 'सांगत्ये ऐका'मुळे (१९५९) हा शिक्का तिच्यावर बसला खरा. पण 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) बघा! तोही भालजींचाच, आणि संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांचं. तीच नऊवारी, तोच काष्टा. पण फडावरची चाल वेगळी आणि शिवकाळातल्या पोरीची चाल वेगळी. लुगडं नाही बदललं, पाऊल बदललं. पुढे १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'त तीच कौसल्या झाली आणि सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले, तेव्हा "ही तमाशातली" हे त्या सोयीस्कर विसरल्या. आणि ही जयश्रीबाईही कुठली? कारवारकडची. म्हणजे मराठी पडद्यावर लुगडं ज्यांना सगळ्यात शोभलं, त्यातल्या दोघी आजच्या कर्नाटकात जन्मल्या. लीला चिटणीस तर धारवाडच्याच, आणि शांता हुबळीकरांचं गाव त्यांच्या आडनावातच आहे. त्या दोघी ऐतिहासिक वेशापेक्षा सामाजिक चित्रपटांत अधिक गाजल्या, म्हणून आमच्या वादात त्यांचा नंबर लागला नाही इतकंच.

विहीणबाई हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं झालं? आता आमची सरोजादेवी घ्या."

बी. आर. पंतुलू यांचा 'कित्तूरू चन्नम्मा' १९६१ चा. त्या वर्षी कन्नडमधला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राजा मल्लसर्ज झाले होते डॉ. राजकुमार, आणि राणी बी. सरोजादेवी. विहीणबाईंनी तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला, जमिनीवर बसून. साहेबाला कर नाकारताना राणी जे सुनावते ते त्यांना अजून पाठ आहे. जेवणाच्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी ते म्हणूनही दाखवलं, डाव हातात घेऊन! सरोजादेवी बंगळूरच्या, तमीळ-हिंदी पडद्यावर नाजूक नायिका म्हणून गाजलेल्या. आमच्या या कित्तूरच्या मातीतली ती बाई नव्हे. तरी राणी म्हणून उत्तर कर्नाटकाने तिलाच डोक्यावर घेतलं. २०२५ च्या जुलैत ती गेली, तेव्हा विहीणबाईंनी त्या दिवशी टीव्हीवर दुसरं काही लावू दिलं नाही. २०१२ साली 'क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा'त जयाप्रदा चन्नम्मा झाली. विहीणबाईंचा निकाल एका वाक्यात: "ती राणी दिसती, पण ही राणी हाय."

पण मला विचाराल तर कन्नडमधलं सगळ्यात अस्सल ऐतिहासिक रूप राणीचं नाहीच. ते आहे ओनके ओबव्वाचं. पुट्टण्णा कणगालांच्या 'नागरहावू'मध्ये (१९७२) चित्रदुर्गचा किल्ला येतो आणि त्यात हैदर अलीच्या सैनिकांना बुरुजाच्या फटीत मुसळाने टिपणारी पहारेकऱ्याची बायको. काम जयंती यांनी केलं. सगळा प्रसंग एका गाण्याएवढा. ना मुकुट, ना शालू. नवरा जेवायला बसलेला, ही पाणी आणायला उठलेली, म्हणजे अंगावर घरातलंच. ओबव्वा डोळ्यांपुढे आणा आणि मग हल्लीच्या एखाद्या राणीकडे बघा, जी रात्री झोपतानासुद्धा नथ, बाजूबंद, पाच पदरी हार घालून बसलेली असते. आमच्या सासूबाईंना सर्वांत राग येतो तो याचाच. "एवढं सोनं अंगावर घेऊन माणूस कूस कशी बदलणार?"

एक गंमत सांगते. 'मुघल-ए-आझम'साठी (१९६०) दिल्लीचे शिंपी, हैदराबादचे सोनार आणि मुकुट करायला कोल्हापूरचे कारागीर बोलावले होते असं सांगतात. अकबराच्या डोक्यावर कोल्हापूर! आणि भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं तेही कोल्हापूरच्याच मुलीने. भानू अथैय्या, माहेरच्या राजोपाध्ये. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली. त्यांनी 'आम्रपाली'साठी (१९६६) वैजयंतीमालेला जे कपडे दिले ते अजिंठ्याच्या चित्रांवरून. आपल्या बाजूची ही बाई २०२० मध्ये गेली. हुबळीत किती जणांना ती ठाऊक आहे, देव जाणे.

आता नातीची आणि सुनेची बाजू. त्यांना जुने काळे-पांढरे चित्रपट बघवत नाहीत. त्यांची लाडकी 'बाजीराव मस्तानी' (२०१५). अंजू मोदींनी केलेले कपडे डोळ्यांचं पारणं फेडतात, हे मीही कबूल करते. 'पिंगा' गाण्यावरून तेव्हा केवढं वादळ उठलं! पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला की काशीबाई आणि मस्तानी अशा एकत्र नाचल्याच नसत्या, आणि पेशव्यांच्या घरच्या बाईने नऊवारी अशी नेसलीच नसती. सून म्हणाली, "अत्ती, सिनेमा आहे, पुस्तक नाही." तिचंही बरोबर. पण एक फरक तिला दाखवावाच लागला. नऊवारी एकाच तऱ्हेची नसते. ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत पाय झाकते. शेतात राबणारीचा काष्टा गुडघ्याशी घट्ट, चिखलात उतरता येईल असा. नाचणारीचं नेसणं आणखी निराळं. पडद्यावर मात्र सरदाराची बायको, पेशवीण आणि कलावंतीण तिघी एकाच दुकानातून आल्यासारख्या दिसतात. 'तान्हाजी'त (२०२०) काजोल बरी वाटली, सावित्रीबाईचं घरातलं वावरणं तिला जमलंय. त्या चित्रपटाच्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला या दोघांना. मृणाल कुलकर्णींनीही 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' अशा चित्रपटांत जिजाऊ केली. पदर डोक्यावर नीट ठेवता येणाऱ्या आताच्या थोड्या नट्यांपैकी ती एक.

आणि 'छावा' (२०२५)! त्यावर तर घरात दोन तट पडले. कोडगूच्या विराजपेटेची रश्मिका मंदाना महाराणी येसूबाई झाली. तिच्या हिंदी उच्चारांवर टीका झाली, लेझीमचा एक प्रसंग आक्षेपानंतर काढावा लागला. पण आमच्या नातीला काय त्याचं? तिला एवढंच कळलं की आईच्या भाषेतली मुलगी आज्जीच्या भाषेतल्या गोष्टीत राणी झाली. सासूबाईंनीही रश्मिकाकडे बराच वेळ निरखून बघितलं. "पोरगी गोड हाय. पर पदर टाचणीवर हाय तिचा."

या टाचणीवर माझं घोडं अडलं. कारण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, शिवलेली नऊवारी उसवलेली, आणि घरात खरं लुगडं नेसवता येणार कुणाला? मी लग्नात एकदा नेसले, तेही मावशीने नेसवलं. सुनेचा तर प्रश्नच नाही. सासूबाईंनी जन्मभर नऊवारी नेसली, पण खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं गाऊनवर आहेत. हात थरथरतात, उभं राहवत नाही.

त्यांनीच कपाटातून इरकली काढायला लावली. काळी चंद्रकळा, गोमीचा काठ, लाल-पांढरा टोपपदर. विहीणबाईंनी पदर हातात घेतला आणि म्हणाल्या, "टोपी सेरगु! ही तर आमची इळकल." आमची की तुमची यावर पुन्हा वाद नको म्हणून सांगते, इळकल गाव बागलकोट जिल्ह्यात आहे आणि ते लुगडं पिढ्यान्‌पिढ्या निपाणी-कोल्हापूर-सोलापूरच्या बायकांनी नेसलं आहे. अंगाचे उभे धागे सुती आणि पदराचे रेशमी. ते एकेक करून एकमेकांत अडकवायचे, त्याला कोंडी म्हणतात. चोळीचा खण गुळेदगुड्डचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. शिवकाळातल्या मराठमोळ्या नायिकेच्या अंगावर पडद्यावर जे शोभतं, त्यातलं बरंचसं कन्नड मागावर उतरलेलं असतं.

विहीणबाईंनी स्वतः कधी नऊवारी नेसली नव्हती, पण त्यांच्या आईला कच्ची सीरी नेसताना रोज बघितलं होतं. मग सुरू झालं. सासूबाई पलंगावरून मराठीत सांगायच्या, मी ते कन्नडमध्ये विहीणबाईंना सांगायची आणि त्या नेसवायच्या. कमरेला गाठ मार. निऱ्या पुढं घे. आता मधला काठ दोन पायांतून मागं ने. दहा वर्षांच्या पोरीला नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ती त्यात बुडूनच गेली. कमरेशी दुमड घालून घालून ते आटोक्यात आणलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा सासूबाई ओरडल्या, "पोटात श्वास घे गं, मग खोच!" आणि काष्टा बसला. विहीणबाई मागं सरकून बघत म्हणाल्या, "छलो ऐती."

एक टाचणी लावली नव्हती. नातीने पुन्हा खुर्चीवर टांग टाकली. उठली, बसली, पळाली, सोफ्यावर चढली. लुगडं जागचं हललं नाही. सासूबाईंनी तिला जवळ बोलावून काठावरून हात फिरवला, कमरेची खोच चाचपून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बघितलंस न्हवं नीट? उद्या सकाळी तू नेसव. मी नुसती बघीन."

सकाळी मला चार वेळा सोडून नेसवावं लागलं. शाळेची बस चुकली, रिक्षाने गेलो. चन्नम्मा सर्कलला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा नात बाहेर वाकून पुतळ्याकडे बघत होती, आणि मी तिच्या मागच्या खोचेकडे.