वास्तू दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

गोदावरीतीरीचे पुणतांबे महाराष्ट्रास विशेषतः दोन कारणांनी ठाऊक आहे: एक, तेथील योगिराज चांगदेवांची समाधी, आणि दुसरे, १ जून २०१७ रोजी सुरू झालेला व ज्याची पहिली हाक या गावाने दिली तो शेतकऱ्यांचा संप. पण येथील कुटुंबांच्या जीवनावर ज्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला, असे एक तिसरे कारणही आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, आणि विद्येसाठी व नोकरीसाठी गाव सोडणाऱ्यांना दूरच्या शहरांची वाट सुगम झाली. मुले शहरात स्थिरावली, शेती वाट्याने दिली गेली, आणि वडीलधारी माणसे निवर्तल्यावर गावठाणातल्या कुलूपबंद घराचे करावे काय, हा प्रश्न भावंडांपुढे उभा राहिला.

विकावयाचे ठरले, की बहुतेकांच्या मनात प्रथम येते ती रंगरंगोटी. माझ्या मते ती सर्वांत शेवटची गोष्ट होय. घर विक्रीस सिद्ध करणे म्हणजे त्याच्याविषयीची कोणतीही बाब घेणाऱ्यापासून, शेजाऱ्यापासून आणि विशेषतः आपल्याच रक्ताच्या माणसांपासून झाकलेली राहू न देणे. आणि हे काम चुन्याच्या बालदीपाशी नव्हे, कागदांच्या ट्रंकेपाशी सुरू होते.

ट्रंक उघडली, की पुष्कळदा असे आढळते, की घर अजून आजोबांच्याच नावे आहे, आणि नंतरच्या दोन पिढ्यांची वारसनोंद करण्याचे कोणास सुचलेच नाही. ही नोंद करताना मुलींची नावे गाळण्याची जी जुनी रीत गावोगाव चालत आली, तिला आज कायद्याचा काडीचाही आधार उरलेला नाही. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्याने मृत्युपत्र केलेले नसल्यास, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना आणि ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने सर्वच मुलींना जन्मसिद्ध सहदायाद मानले. आणि त्या दिवशी बाप हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. असे असता, गिऱ्हाईक ठरल्यावर, विसार घेतल्यावर, बहिणीला फक्त सहीपुरते बोलावून घेणे आणि माहेर तुटण्याच्या भयाने तिने हक्कसोडपत्रावर केलेल्या सहीस संमती म्हणणे, हे मला घोर अन्यायाचे वाटते. हक्कसोडपत्र हा नोंदणीकृत दस्त असावा लागतो, आणि तो खुशीचा असेल तरच टिकाऊ ठरतो. विक्रीचा विचार मनात येताच बहिणीस प्रथम विचारावे, किंमत तिच्यासमक्ष ठरवावी, आणि तिचा वाटा तिच्या खात्यावर जमा करावा. कदाचित घर राखण्याची इच्छा तिचीच असेल. वारसांपैकी एकजण वारसाने आलेला आपला हिस्सा विकू लागला, तर तो घेण्याचा अग्रहक्क त्याच कायद्याच्या बाविसाव्या कलमाने इतर निकटच्या वारसांना दिलेला आहे, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते.

यानंतरचे काम मालकीच्या पुराव्याचे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या म्हणजेच मालकी, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः तो करआकारणीचा दाखला होय, स्वामित्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. ज्या गावठाणाचे भूमापन झाले आहे तेथे भूमि अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका काढावी. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजून अशा पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. पत्रिकेवरील क्षेत्र, जुन्या खरेदीखतातील चतुःसीमा आणि प्रत्यक्ष वहिवाट ही तिन्ही एकमेकांशी जुळतात की नाही, हे घेणाऱ्याच्या वकिलाने विचारण्यापूर्वी आपणच पाहावे, आणि न जुळल्यास रीतसर मोजणी मागवावी. सामाईक भिंत कोणाची, बोळातून जाण्याचा हक्क कोणास, माळवदाच्या पन्हाळीचे पाणी कोणाच्या परसात पडते, या तंट्यांची मुळे बहुधा आजोबांच्या काळात असतात. आणि वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे व हक्काने चालत आलेल्या वहिवाटीस १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने संरक्षण दिलेले असल्यामुळे, शेजाऱ्याशी ओसरीवर बसून ती गोष्ट मिटविणे आणि जे ठरेल ते कागदावर उतरविणे हेच हिताचे.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू. जेथे पाया काळ्या जमिनीत आहे तेथे ती जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्या या हालचालीने भिंतींना तिरप्या चिरा जातात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, की चिरा दिसेनाशा होतात खऱ्या, पण भिंतीतली ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होऊन आतली माती कुजत जाते. चुन्याचा लेप त्या ओलीला वाट देतो, म्हणून जुन्या घराला चुनाच योग्य. माळवदावरील गवत काढावे, पन्हाळी मोकळ्या कराव्या, तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे वाळवी पाहावी, आणि फार खर्च न करता इतक्यावरच थांबावे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्यास माहीत असलेला पण घेणाऱ्यास साधारण दक्षता घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणे, मग तो वास्तूतला असो वा मालकीहक्कातला, हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. नदीकाठच्या घरात पुराचे पाणी कधी कोठवर चढले होते, हे तर न विचारता सांगावे. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी ज्या घरात आपण वाढलो तेथे उद्या दुसऱ्याची लेकरे निजणार आहेत, एवढे कारण पुरेसे आहे.

जुन्या सागवानाचे मोल वेगळे जाणकाराकडून करून घ्यावे. घर मोडून केवळ लाकूड नेण्यासाठीच येणारे गिऱ्हाईक पडक्या भिंतींकडे बोट दाखवून भाव पाडते, आणि कोरीव खांब, तुळया, कडीपाट त्याला जवळजवळ फुकट मिळतात. घराशी कायम जोडलेली वस्तू, वेगळा करार नसेल तर, घराबरोबरच जाते. तेव्हा झोपाळ्याच्या कड्या किंवा दिंडीदरवाजा स्वतःकडे ठेवावयाचा असेल, तर साठेखतातच तसे लिहून घ्यावे. देव्हाऱ्यातील टाक आणि कुलधर्माची भांडी कोणाकडे जावी, हेही भावंडांनी आधी ठरवावे. खरेदीखताच्या दिवशी निबंधकाच्या कचेरीच्या दारात हा विषय निघाला, की वर्षानुवर्षांचे मनोमालिन्य वर येते.

विसाराची रक्कम वीस हजार वा अधिक असेल, तर ती रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. व्यवहार बँकेतूनच व्हावा. १ एप्रिल २००१ पूर्वीपासून घराण्यात असलेल्या घराचे त्या तारखेचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून ठेवले, तर भांडवली नफ्याचा कर काढताना ते उपयोगी पडते. खरेदीखत नोंदविले, की किल्ल्या व कबजेपावती द्यावी, आणि फेरफारास कोणाची हरकत आली तर खुलासा करण्यास स्वतः हजर राहावे. वीजजोडणी व घरपट्टी नव्या मालकाच्या नावे चढेपर्यंत आपला दूरध्वनी क्रमांक त्याच्यापाशी असू द्यावा.