लिंक दिली, पण प्रोफाईल उघडत नाही! लिंक्डइनवर असं का होतं आणि त्यावरून काय समजायचं?

समजा, आयटीआय झालेल्या एखाद्या पोराला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. "कंपनीत जागा आहे, पगार 22 हजार, राहण्याची सोय. मी कंपनीचा एचआर. खात्री करायची असेल तर माझी लिंक्डइन प्रोफाईल बघा." खाली निळ्या अक्षरात लिंक. पोरगं लिंक दाबतं, तर स्क्रीनवर येतं की ही प्रोफाईल उपलब्ध नाही. तेवढ्यात दुसरा मेसेज येतो, "रजिस्ट्रेशनचे 1,850 रुपये आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

आता घरात दोन मतं पडतात. वडील म्हणतात, उघडत नाही म्हणजे माणूसच खोटा. पोरगं म्हणतं, तसं नसतं दादा, आपल्याच मोबाईलचं काहीतरी असेल. दोघांचंही थोडं खरं आहे, पण तेवढ्यावरून पैसे भरायचे की नाही हे ठरवता येत नाही. प्रोफाईल न दिसण्याची कारणं बरीच आहेत. त्यातली बहुतेक साधी आहेत, एखादं मात्र धोक्याचं आहे.

लिंक्डइन आहे तरी काय?

फेसबुकवर आपण लग्नाचे, जत्रेचे फोटो टाकतो. लिंक्डइनवर माणूस आपलं शिक्षण, काम आणि अनुभव टाकतो. नोकरी देणारे आणि नोकरी शोधणारे तिथे एकमेकांना गाठतात. ही अमेरिकेतली कंपनी, 2003 साली सुरू झाली आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. खातं फुकट उघडता येतं, त्यासाठी वय किमान 16 लागतं. आता डिप्लोमा, बीएस्सी ॲग्री, नर्सिंग, फार्मसी केलेली गावाकडची पोरंपोरीही तिथे खातं काढू लागली आहेत.

तिथली प्रोफाईल म्हणजे जुन्या वाड्यासारखी समजा. दारावरची पाटी कुणालाही वाचता येते. ओसरीवर ओळखीचा माणूस येतो. माजघरात फक्त घरचे. कुणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं हे बरंचसं वाड्याचा मालक ठरवतो, आणि काही नियम लिंक्डइन कंपनीचे असतात.

प्रोफाईल न दिसण्याची कारणं

पहिलं कारण, तुम्ही लॉगिन केलेलं नसतं. व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की ती बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये उघडते. तुमचं खातं नसेल किंवा असूनही तुम्ही त्यात शिरलेले नसाल, तर आधी लॉगिन करा असं सांगितलं जातं. त्या माणसाने आपली प्रोफाईल बाहेरच्या लोकांसाठी बंद ठेवली असेल तर बिगर लॉगिनचं काहीच दिसत नाही. गावाकडे ही अडचण सगळ्यात जास्त येण्यासारखी आहे, कारण अनेकांकडे लिंक असते पण खातं नसतं.

एवढी बंदोबस्ती कशाला? तर माहिती गोळा करणारे लोक संगणकाच्या प्रोग्रॅमने हजारो प्रोफाईल एका दमात उतरवून घेतात. 2021 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 70 कोटी सभासदांची माहिती इंटरनेटवर विक्रीला निघाली होती. सभासदांची खाजगी माहिती फुटलेली नाही, दिसणारी माहितीच गोळा करून विकायला काढली आहे, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. असा माल गोळा होऊ नये म्हणून दारावर पहारा असतो. थोड्या वेळात फार प्रोफाईल उघडल्या किंवा व्हीपीएन लावून गेलं, तर खऱ्या माणसालाही कधीकधी अडवलं जातं.

दुसरं कारण, ओळखीची साखळी. तुम्ही ज्याला जोडलेले आहात तो पहिल्या नात्याचा, त्याचा ओळखीचा दुसऱ्या नात्याचा आणि त्याच्याही पुढचा तिसऱ्या नात्याचा. सोयरिकीत पाव्हण्याचा पाव्हणा असतो, तसंच हे. जो या साखळीच्या बाहेर आहे त्याची प्रोफाईल अर्धवट दिसते. शोध घेताना नावाच्या जागी नुसतं 'लिंक्डइन मेंबर' असंही येतं. नवीन खातं काढलेल्या पोराच्या ओळखी पाच-दहाच असतात, म्हणून त्याला बरीच दारं बंद दिसतात. यात कुणाची लबाडी नसते.

तिसरं, मालकानेच कुलूप लावलेलं असतं. लिंक्डइनवर खातं काही दिवस झोपवून ठेवता येतं. तेवढा काळ प्रोफाईल कुणालाच दिसत नाही आणि जुन्या मेसेजवरही नावाऐवजी 'लिंक्डइन मेंबर' येतं. कायमचं बंदही करता येतं. बंद केल्यापासून 14 दिवसांच्या आत ते परत उघडायची सोय आहे. गंमत म्हणजे खातं बंद झाल्यावरही गुगलवर ते नाव काही दिवस दिसत राहतं. आपण दाबतो आणि आत काहीच नसतं.

चौथं, ब्लॉक. त्या माणसाने तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर तुम्हाला तो दिसत नाही आणि त्यालाही तुम्ही दिसत नाही. ब्लॉक केल्याची सूचना मात्र तुम्हाला येत नाही.

पाचवं, लिंकच चुकलेली असते. लिंकच्या शेवटचा भाग मालकाला बदलता येतो. तो बदलला की जुनी लिंक चालेलच असं नाही. कॉपी करताना शेवटचं एखादं अक्षर गळलं तरी हीच गत.

सहावं कारण धोक्याचं. लिंक्डइन कंपनीनेच ते खातं अडवलेलं असतं. खोटं नाव, चोरलेला फोटो, लोकांच्या तक्रारी यावरून कंपनी खाती बंद करते. तसं झालं की ती प्रोफाईल बाकीच्यांना दिसायची बंद होते.

अडचण अशी आहे की यातलं नेमकं कोणतं कारण आहे ते बघणाऱ्याला सांगितलं जात नाही. झोपवलेलं खातं, बंद केलेलं खातं आणि कंपनीने अडवलेलं खातं बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून नुसत्या बंद दारावरून माणूस चोर की साव हे ओळखता येत नाही.

मग तपासायचं कसं?

आधी आपल्या घरचं बघा. लिंक्डइनचं ॲप अपडेट करा, लॉगिन करा आणि लिंक परत उघडा. तरी नाही उघडली तर ॲपमध्येच त्या माणसाचं नाव आणि कंपनीचं नाव टाकून शोधा.

नंतर ज्याचं लिंक्डइनवर जुनं खातं आहे अशा मित्राच्या मोबाईलवर तीच लिंक लावून बघा. तिथे उघडली आणि तुमच्याकडे नाही, तर तुमचं लॉगिन, ओळखीची साखळी किंवा ब्लॉक यापैकी काहीतरी आहे. कुठेच उघडत नसेल तर लिंक चुकीची आहे किंवा खातं बंद आहे. मग समोरच्याला सरळ विचारा, "साहेब, लिंक उघडत नाही, दुसरी पाठवा आणि कंपनीच्या मेलवरून एक मेल करा." खरा एचआर याचा राग मानत नाही. जो मेलचं नाव काढताच विषय बदलून परत पैशावर येतो, तिथे समजून घ्यावं.

लिंक दाबण्याआधी ती नीट वाचायचीही सवय लावा. खऱ्या लिंकमध्ये 'डॉट कॉम'च्या लगेच आधी फक्त 'लिंक्डइन' हा शब्द असतो. त्याच्याही आधी 'इन' आणि टिंब आलं तरी चालतं, ते भारतासाठी असतं. पण लिंक्डइन या शब्दाला जॉब, करिअर, व्हेरिफाय असं काही चिकटवून पुढे डॉट कॉम केलं असेल तर तो पत्ता लिंक्डइनचा समजू नका. इंग्रजी छोट्या 'एल'च्या जागी मोठा 'आय' बसवला तर डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून शंका आली की लिंक दाबू नका, ॲपमध्ये जाऊन नाव शोधा. प्रोफाईल बघायला तुमचा ओटीपी, बँकेचा तपशील किंवा आधारचा फोटो लागत नाही. कुणी मागितला तर तिथूनच मागे फिरा.

प्रोफाईल उघडली म्हणजे माणूस खरा?

इथेच जास्त लोक फसण्याचा धोका आहे. प्रोफाईल झकास उघडते. टाय घातलेला फोटो, मोठ्या कंपनीचं नाव, पाचशेच्या वर ओळखी. बघणाऱ्याला वाटतं, झालं, खात्री पटली. पण 'मी अमुक कंपनीत मॅनेजर आहे' असं तिथे कुणीही लिहू शकतो. लिहिताना दरवेळी त्या कंपनीला विचारलं जात नाही. फोटोही दुसऱ्याचा किंवा संगणकावर बनवलेला असू शकतो.

त्यासाठी प्रोफाईलवर 'अबाऊट धिस प्रोफाईल' हा भाग असतो. तो उघडला की खातं कोणत्या महिन्यात, कोणत्या साली काढलं ते कळतं. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचं खातं मागच्याच महिन्यातलं असेल तर थांबून विचार करावा. ओळख पडताळणी केली असेल तर तेही तिथे दिसतं. भारतात 2023 पासून डिजिलॉकरमधल्या आधारवरून ही पडताळणी करता येते. मात्र अनेक खऱ्या लोकांनी ती केलेली नसते. त्यामुळे खूण नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आणि खूण असली तरी तिच्यावरून फक्त ओळख कळते, नोकरी खरी आहे हे त्यातून कळत नाही.

बाजार समितीत माल घालताना आपण व्यापाऱ्याच्या गाडीवरून विश्वास ठेवत नाही, त्याचा परवाना आणि मागचा हिशोब विचारतो. इथेही तसंच. कंपनीची वेबसाईट स्वतः शोधा, तिथला फोन नंबर घ्या आणि विचारा की ही जागा आहे का, हा माणूस तुमचा आहे का. समोरच्याने दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही, तिथे त्याचाच माणूस बसलेला असू शकतो. नोकरीसाठी आधी पैसे मागणं, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणा, डिपॉझिट म्हणा की ट्रेनिंग फी, ही सगळ्यात मोठी धोक्याची खूण आहे.

परदेशातली नोकरी असेल तर

इथे प्रश्न दोन-चार हजारांपुरता राहत नाही. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी असं सांगून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकवलं जातं, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने 2022 मध्ये दिला होता. नेलेल्यांकडून दुसऱ्या लोकांना ऑनलाईन गंडवण्याचं काम करून घेतलं जात होतं. म्हणून परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी पाहावं. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याची पावतीही मिळायला हवी.

तुमचीच प्रोफाईल दिसत नसेल तर?

उलट बाजूही बघा. शिकलेल्या पोरीपोरांनी खातं काढलेलं असतं, पण नोकरी देणाऱ्याला ते दिसतच नाही. सेटिंग्जमध्ये व्हिजिबिलिटी या भागात जाऊन पब्लिक प्रोफाईल चालू आहे का ते तपासा. फोटो, शिक्षण, ट्रेड आणि काम दिसू द्या. मोबाईल नंबर, घरचा पत्ता आणि जन्मतारीख सगळ्यांसाठी उघडी ठेवू नका. शिक्षक, सोबत शिकलेले मित्र, आधीच्या कामावरचे लोक यांना जोडून घ्या, साखळी वाढली की दारंही उघडतात. मुलींना एखादा माणूस त्रास देत असेल तर त्याला ब्लॉक करून रिपोर्ट करता येतं. आणखी एक, तुम्ही कुणाची प्रोफाईल बघितली की तुमचं नाव त्याला कळू शकतं. ते नको असेल तर त्याच सेटिंगमध्ये प्रायव्हेट मोड आहे.

पैसे गेलेच तर

लाजेने घरात लपवून ठेवू नका. जितक्या लवकर 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन कराल, तितकी समोरच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची आशा जास्त. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. मेसेज, लिंक, प्रोफाईलचे स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, कारण नंतर ती प्रोफाईलच गायब होते आणि हातात पुरावा राहत नाही. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाईन फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. नवीन फौजदारी कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

तेव्हा पोरगं म्हणालं की लिंक उघडत नाही, तर त्याला लगेच खोटं पाडू नका आणि लगेच पैसेही भरू नका. आज संध्याकाळपर्यंतची घाई समोरच्याची आहे. आपण एक दिवस थांबायचं, कंपनीला फोन लावायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. जागा खरी असेल तर तेवढ्याने ती जात नाही.