घर आणि टॉवर यांतील अंतर

भारतात मोबाइल टेलिफोनवरून पहिले संभाषण झाले ते 31 जुलै 1995 रोजी. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू हे दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या इमारतीपासून काही किलोमीटरांवर खिदिरपूर आहे. 1892 साली खुल्या झालेल्या गोदीमुळे गजबजलेली ही जुनी वस्ती अतिशय दाट. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून उभी. अशा ठिकाणी एखाद्या गच्चीवर टॉवर उभारला जातो, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातील माणसे साहजिकच विचारतात : हा टॉवर घरापासून किती दूर असावयास हवा?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी टॉवर काय करतो ते पाहिले पाहिजे. त्याच्या अँटेनातून रेडिओलहरी बाहेर पडतात. त्यांना सर्रास ‘किरणोत्सर्ग’ म्हटले जाते आणि त्या शब्दाने मनात रेडियमची धास्ती उभी राहते. वस्तुतः ज्या जातीच्या लहरींवरून आकाशवाणीचे कार्यक्रम घरोघर पोहोचतात, त्याच जातीच्या या लहरी आहेत. त्यांची कंपनसंख्या तेवढी अधिक असते. फार जवळून व फार तीव्रतेने पडल्यास त्या शरीर तापवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली रेडिओलहरींची गणना ‘कदाचित कर्ककारक’ या वर्गात केली. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत अपाय होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. शंका पुरती फिटलेली नाही, म्हणून सावधगिरी बाळगावयाची, अशी ही स्थिती होय.

ही सावधगिरी भारत सरकारने आकड्यांत मांडली. 900 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला 4.5 वॅट अशी होती. 1 सप्टेंबर 2012 पासून भारताने ती एकदशांश, म्हणजे 0.45 वॅट केली. त्यापाठोपाठ 2013 साली राज्यांना अंतराचे कोष्टक देण्यात आले. एक अँटेना असेल, तर तिच्या उंचीची इमारत तिच्या थेट समोर 20 मीटरांच्या आत नसावी. दोन असतील तर 35 मीटर, चार असतील तर 45, आणि बारा असतील तर 75.

या कोष्टकातील ‘थेट समोर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अँटेनाचा मुख्य झोत दीपगृहाच्या झोतासारखा जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. ज्या इमारतीवर टॉवर आहे, तिच्या खालच्या मजल्यांवर लहरी क्षीण असतात. दिव्याखाली अंधार असावा तशातला हा प्रकार. अंतर दुप्पट झाले की तीव्रता सुमारे एकचतुर्थांश होते. म्हणून जमिनीवर टेप धरून मोजलेले अंतर फारसे काही सांगत नाही. झोताची दिशा आणि समोरच्या घराची उंची पाहावी लागते.

टॉवर वस्तीबाहेर घालवावेत, असा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये शाळा, रुग्णालये व क्रीडांगणे येथील टॉवर हटविण्याचा आदेश दिला. मुंबई महानगरपालिकेनेही 2013 च्या धोरणात शाळा आणि रुग्णालये वगळली. परंतु टॉवर दूर गेला की हातातील फोनला त्याच्याशी संधान बांधण्यासाठी आपली शक्ती वाढवावी लागते, आणि फोन तर कानालाच लागलेला असतो. शिवाय 2020 च्या मे महिन्यात अम्फान वादळाने कोलकात्यातील मोबाइल सेवा विस्कळीत केली, तेव्हा जवळच्या टॉवरची निकड सर्वांनाच पटली.

खिदिरपूरची खरी अडचण निराळीच आहे. टॉवर उभारला त्या दिवशी समोरचे घर दुमजली असते आणि झोत त्याच्या डोक्यावरून निघून जातो. पुढे त्या घरावर आणखी दोन मजले चढतात, आणि नवी खिडकी नेमकी झोतापुढे येते. टॉवर जागचा हलला नाही. अंतर मात्र बदलले. एकदा केलेली मोजणी वाढत्या शहरात कायमची पुरत नाही.

दुसरी अडचण भाराची. 2022 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने खाजगी इमारतीवरील टॉवरसाठी स्थानिक संस्थेची परवानगी अनावश्यक ठरविली. पूर्वसूचना आणि इमारत भार पेलेल असे अभियंत्याचे प्रमाणपत्र मात्र मागितले. मार्च 2024 मध्ये खिदिरपूरच्या शेजारी गार्डन रीच येथे बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळून माणसे दगावली. तिचा टॉवरशी संबंध नव्हता. तरीही ज्या भागात बांधकामांची अशी अवस्था आहे, तेथे त्या प्रमाणपत्राचे मोल किती, हे त्यावरून कळावे.

या व्यवहारात संमती लागते ती मालकाची. कोलकात्याच्या जुन्या वस्त्यांत जमीन सरकारची, तीवरील बांधकाम ‘ठिका’ भाडेकरूचे, आणि खोलीत राहणारा तिसराच, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आढळते. टॉवरचे भाडे एकाच्या हाती पडते. त्याचा आवाज, भार आणि चिंता दुसऱ्याच्या वाट्याला येते. त्या तिसऱ्या माणसाला कोणी विचारीत नाही.

तथापि तो अगदीच निरुपाय नाही. दूरसंचार खात्याने 2017 साली ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या भागातील टॉवर मर्यादा पाळतो की नाही, हे पाहण्याची आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी मागण्याची सोय त्यावर करण्यात आली. लहरींविषयीची तक्रार त्या खात्याकडे न्यावी, इमारतीच्या भाराविषयीची महानगरपालिकेकडे. हा भेद ठाऊक नसल्याने कित्येक अर्ज भलत्याच कचेरीत पडून राहतात. नियम करणाऱ्यांनी समोर नवा मजला चढताच फेरमोजणी बंधनकारक करावी, आणि वरच्या मजल्यावरील भाडेकरूला तिचा आकडा न मागता कळवावा. 20 मीटरांचा नियम अरुंद गल्लीत खरा उपयोगी पडावयाचा, तर एवढी व्यवस्था झालीच पाहिजे.