खांबावरच्या फिती, खिशातले फोन

१९९६च्या सप्टेंबरअखेरीस तालिबानने काबूल घेतलं. त्यानंतर शहरातल्या आणि शहराबाहेरच्या तपासनाक्यांवर एक विचित्र दृश्य दिसू लागलं. नाक्यावरच्या खांबांना चमकदार तपकिरी फितींचे झुपके लोंबत असायचे. गाडी थांबवायची, टेपमधली कॅसेट काढायची, ती फोडायची आणि आतली फीत ओढून खांबाला गुंडाळायची. वाऱ्यावर भुरभुरणाऱ्या त्या फिती म्हणजे गाणी ऐकणाऱ्यांना दिलेली ताकीद होती. टीव्हीवर बंदी आली, घराघरांतले संच फोडले गेले. ‘टायटॅनिक’ सिनेमातल्या नायकासारखे केस कापून दिले म्हणून २००१च्या जानेवारीत काबूलमधल्या न्हाव्यांना अटक झाली.

आता १५ ऑगस्ट २०२१ची संध्याकाळ. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून निघून गेलेले. काबूलच्या राष्ट्राध्यक्ष भवनात, त्यांच्या टेबलामागे बंदूकधारी तालिबानी बसलेले आणि समोर अल जझीराचा कॅमेरा. ते चित्र काही मिनिटांत जगभर पोचलं. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांच्या हातातल्या फोनवरही ते आलं; घरच्यांची खुशाली विचारायला जो फोन त्यांनी हातात धरला होता, त्याच फोनवर.

टीव्ही फोडणाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून विजय जाहीर केला. मधल्या पंचवीस वर्षांत तालिबान आधुनिक झाले, असा याचा अर्थ अनेकांनी लावला. तो चुकीचा होता. पहिल्या राजवटीतही तालिबानने सगळी माध्यमं बंद केली नव्हती. काबूलचं रेडिओ केंद्र त्यांनी चालू ठेवलं, फक्त त्याचं नाव ‘रेडिओ शरियत’ केलं. संगीत थांबलं; फर्मानं, प्रवचनं आणि तालिबानच्या बातम्या मात्र चालू राहिल्या. बोलण्याचा हक्क एकालाच असावा, हा त्यांचा आग्रह तेव्हा होता, युद्धाच्या काळात होता आणि आजही आहे. तो हक्क मिळवण्याचं साधन तेवढं दर वेळी बदललं.

प्रतिमेची ताकद तालिबानला पहिल्यापासून कळत होती. १९९६च्या एप्रिलमध्ये कंदाहारमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर उभं राहून मुल्ला उमरने एक अंगरखा जमावाला दाखवला. हा अंगरखा प्रेषित मुहंमदांचा असल्याची तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. खाली जमलेल्या मौलवींनी त्याला ‘अमीर-उल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा नेता, म्हणून जाहीर केलं. एका दृश्याने एक खेडवळ मुल्ला साऱ्या चळवळीचा निर्विवाद पुढारी झाला. पण त्याचे फोटो मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. २००१च्या उन्हाळ्यात त्याने इंटरनेटवरही बंदी घातली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या हल्ल्यात राजवट कोसळली आणि अफगाणिस्तानात माध्यमांचा पूर लोटला. २००३मध्ये अर्मान एफएम सुरू झालं, २००४मध्ये टोलो टीव्ही. मुंबईत तयार झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका टोलोवर ‘तुलसी’ या नावाने दारी भाषेत लागू लागली, आणि त्या वेळेला काबूलमधली घरंच्या घरं टीव्हीसमोर बसू लागली. शहरं अशी दुसऱ्याच जगात गेली असताना सीमेपलीकडे पाकिस्तानात पांगलेले तालिबानी पुन्हा जुळवाजुळव करत होते.

त्यांचं पहिलं माध्यम होतं कागद. ‘शबनामा’ म्हणजे रात्रीचं पत्र. सोव्हिएत फौजांच्या काळापासून अफगाण खेड्यांना ते माहीत होतं. रात्रीत कुणीतरी येऊन मशिदीच्या किंवा शाळेच्या दारावर एक कागद चिकटवून जायचं. परदेशी फौजांसाठी काम करू नका, मुलींना शाळेत पाठवू नका, सरकारी नोकरी सोडा, नाहीतर परिणाम भोगा. सकाळी तो कागद वाचणाऱ्या शिक्षकाला एवढं नक्की कळायचं, की लिहिणारा आपल्याला ओळखतो आणि रात्री इथवर येऊ शकतो. प्रचार म्हटलं की आपल्याला मन वळवणं आठवतं. बंडखोरांच्या प्रचारात मन वळवण्याआधी धाक येतो, आणि तो खरा ठरतो कारण कागदामागे बंदूक असते.

२००५च्या सुमारास तालिबानचं ‘अल-इमारा’ हे संकेतस्थळ दिसू लागलं. पुढे ते पश्तू, दारी, उर्दू, अरबी आणि इंग्रजी अशा पाच भाषांत चाललं. प्रत्येक भाषेचा वाचक वेगळा होता. पश्तू आणि दारी देशातल्या माणसांसाठी, उर्दू पाकिस्तानातल्या पाठीराख्यांसाठी, अरबी आखातातल्या सहानुभूतीदारांसाठी आणि देणगीदारांसाठी, इंग्रजी परदेशी पत्रकारांसाठी. ‘अल-सुमूद’ नावाचं अरबी मासिकही निघत होतं. बहुतांश जनता निरक्षर असलेल्या देशात संकेतस्थळ गावकऱ्यांसाठी नव्हतंच. ते जगाला दाखवण्यासाठी होतं: आम्ही डोंगरातली टोळी नाही, आम्ही पदच्युत सरकार आहोत.

गावकऱ्यांसाठी तराणे होते. संगीतावर बंदी घालणाऱ्यांनी वाद्यांशिवाय गायलेलं गाणं चालवून घेतलं. पश्तूनांच्या काव्यपरंपरेत मुरलेले हे तराणे हुतात्म्यांचे, मातृभूमीचे, परक्यांनी उद्ध्वस्त केलेल्या घरांचे. बाजारातला मोबाइल दुकानदार थोड्या पैशांत ते मेमरी कार्डात भरून द्यायचा. पुढे ब्लूटूथने ते या फोनवरून त्या फोनवर जायचे, त्याला इंटरनेटचीही गरज नव्हती. तालिबानच्या प्रभावाखालच्या रस्त्यांवरून जाणारे काहीजण तर जीव वाचवण्यासाठी फोनमध्ये तराणा ठेवायचे. नाक्यावर फोन तपासला गेलाच, तर तोच परवाना. एकेकाळी खांबावर लटकलेलं गाणं असं खिशात येऊन बसलं होतं.

फोनशी तालिबानचं नातं दुहेरी होतं. मोबाइलच्या लहरींवरून माग काढून परदेशी फौजा रात्री छापे घालतात, असं म्हणत २००८मध्ये त्यांनी कंपन्यांना रात्री टॉवर बंद ठेवण्याचं फर्मावलं आणि न ऐकणाऱ्यांचे टॉवर उडवले. त्याच वेळी त्यांचे प्रवक्ते दिवसभर फोनवरून पत्रकारांशी बोलत होते. अब्दुल लतीफ हकीमी २००५मध्ये पकडला गेला, मुहम्मद हनीफ २००७मध्ये. त्यानंतर झबिहुल्ला मुजाहिद हे नाव पुढे आलं. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. हा एकच माणूस आहे की एका नावाने बोलणारे अनेक, अशी शंका पत्रकारांना वर्षानुवर्षं होती. पण तो फोन उचलायचा, संदेशांना उत्तर द्यायचा. काबूलमध्ये स्फोट झाला की मंत्रालयाचं निवेदन येण्याआधी त्याचं निवेदन यायचं. त्यातले मृतांचे आकडे बहुधा फुगवलेले असायचे. पण पहिली बातमी त्याची असायची, आणि खुलासा नेहमी मागाहूनच येतो.

हा वेग नुसत्या खोट्यावर चालत असता, तर त्याची हवा लवकर गेली असती. त्याला खऱ्याचं खतपाणी मिळत होतं. २२ ऑगस्ट २००८ रोजी हेरात प्रांतातल्या अझीझाबाद गावावर अमेरिकेने हवाई हल्ला केला. पहिल्या चौकशीनंतर अमेरिकी सैन्याने सांगितलं, की तीसहून अधिक अतिरेकी आणि पाच ते सात नागरिक मेले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला नव्वद नागरिकांच्या मृत्यूचे पुरावे मिळाले. त्यांत साठ मुलं होती. गावात ओळीने ठेवलेल्या मृतदेहांचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण बाहेर आल्यावर अमेरिकेला पुन्हा चौकशी करावी लागली आणि तिने नागरिक मृतांचा आकडा तेहेतीसवर नेला. अशा प्रत्येक घटनेनंतर तालिबानच्या प्रचारकांना काही रचावं लागत नव्हतं. सरकारं खोटं बोलतात, एवढंच बोट दाखवून त्यांना म्हणता येत होतं. रस्त्यात पेरलेल्या त्यांच्याच सुरुंगांनी मेलेल्या नागरिकांची मोजदाद मात्र ‘अल-इमारा’वर कधी झाली नाही.

काय दाखवायचं याइतकंच काय लपवायचं हेही तालिबान शिकले. २००६-०७मध्ये मुल्ला दादुल्ला हा कमांडर शिरच्छेदाच्या चित्रफिती मुद्दाम पसरवत होता. त्या पाहून सामान्य पश्तूनही शहारले. दादुल्ला मे २००७मध्ये मारला गेला. नंतर तालिबानने लढवय्यांसाठी काढलेल्या ‘लायहा’ या आचारसंहितेत देहदंडाचं चित्रण करायला मनाई केली. मनाई चित्रणाला होती, देहदंड चालूच राहिले.

२०११पासून ट्विटरवर तालिबानची इंग्रजी खाती नियमित बोलू लागली. त्या वर्षी १३ सप्टेंबरला काबूलमधल्या अमेरिकी दूतावासाच्या परिसरावर हल्ला झाला. चकमक वीस तासांच्या आसपास चालली आणि ती मिटत असताना नाटोप्रणीत फौजांचं अधिकृत खातं व तालिबानी प्रवक्त्याचं खातं ट्विटरवर एकमेकांना जाहीरपणे सुनावत होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्करी आघाडीने बरोबरीने वाद घालणं, हेच बंडखोरांना हवं होतं. २०१६मध्ये तर हेल्मंडमधल्या आत्मघातकी हल्ल्याचं ड्रोनने वरून केलेलं चित्रण त्यांनी प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी त्यांचं पश्तू ॲप गूगलच्या दुकानात आलं आणि लगोलग काढलंही गेलं.

या यंत्रणेचं सर्वांत मोठं खोटं दोन वर्षं टिकलं. मुल्ला उमर एप्रिल २०१३मध्ये मेला होता. त्याच्या नावाने ईदचे संदेश निघत राहिले. एप्रिल २०१५मध्ये तर त्याचं सविस्तर चरित्र प्रसिद्ध झालं, त्यात त्याच्या आवडत्या शस्त्राचाही उल्लेख होता. जुलैमध्ये शांतता चर्चेला अनुकूल असा संदेश त्याच्याच नावाने आला आणि काही दिवसांतच त्याच्या मृत्यूची कबुली द्यावी लागली. ज्याचा चेहराच लोकांनी पाहिलेला नाही, त्याला मरणानंतरही बोलतं ठेवणं सोपं गेलं.

इतरांचं बोलणं मात्र बंदुकीने थांबवलं जात होतं. २०१५मध्ये कुंदूझ शहर काही काळ तालिबानच्या ताब्यात गेलं. तिथे त्यांनी अत्याचार केल्याचे आरोप टोलो टीव्हीने दाखवले, तेव्हा तालिबानने टोलोला ‘लष्करी लक्ष्य’ ठरवलं. २० जानेवारी २०१६ रोजी टोलोच्या कर्मचाऱ्यांच्या बसवर आत्मघातकी हल्ला झाला, त्यात सात जण गेले. जुलै २०२१मध्ये स्पिन बोल्डक इथे अफगाण सैन्यासोबत वार्तांकन करताना भारताचे पुलित्झर विजेते छायाचित्रकार दानिश सिद्दीकी मारले गेले. ६ ऑगस्टला सरकारी माध्यम केंद्राचे प्रमुख दावा खान मेनापाल यांची काबूलमध्ये तालिबानने हत्या केली.

त्याच दिवशी निमरोझ प्रांताची राजधानी झरंज पडली. पुढच्या नऊ दिवसांत शहरामागून शहर गेलं, बरीचशी लढाईविनाच. फोनांवरून शरणागतीच्या चित्रफिती फिरत होत्या: शस्त्रं खाली ठेवणारे सैनिक, त्यांना घरी जायला मोकळी वाट देणारे तालिबानी. पगार न मिळालेल्या, रसद तुटलेल्या एखाद्या चौकीतल्या शिपायाने ते पाहिलं की शेजारची चौकी पडल्याचं त्याला कळायचं, आणि लढलं नाही तर जीव वाचतो हेही. १३ ऑगस्टला हेरातचा जुना सेनानी इस्माईल खान पकडला गेला. त्यालाही तालिबानने कॅमेऱ्यापुढे बसवून बोलायला लावलं.

१७ ऑगस्टला झबिहुल्ला मुजाहिद प्रथमच जगासमोर आला. पत्रकार परिषद सरकारी माध्यम केंद्रात होती. ज्या खुर्चीवर तो बसला, ती अकरा दिवसांपूर्वीपर्यंत मेनापाल यांची होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल विचारलं, तर त्याने तो प्रश्न फेसबुककडे टोलवला, कारण फेसबुकने तालिबानवर बंदी घातली होती.

चार महिन्यांत २३१ माध्यमसंस्था बंद पडल्या, ६,४००हून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि दर पाच स्त्री-पत्रकारांपैकी चौघी घरी बसल्या, असं ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पाहणीत दिसलं. मे २०२२मध्ये वृत्तनिवेदिकांना चेहरा झाकण्याचा हुकूम आला, तेव्हा टोलोतल्या पुरुष सहकाऱ्यांनीही मुखपट्ट्या लावून बातम्या दिल्या. ऑगस्ट २०२४च्या कायद्याने सजीवांची चित्रं प्रसिद्ध करण्यावर बंदी आणली. आत्मघातकी हल्ल्यांचं चित्रण ड्रोनने करणाऱ्यांनी आता माणसाचा चेहरा दाखवणं निषिद्ध ठरवलं.

सहावीनंतर शाळा बंद झालेल्या मुलींना उरला होता इंटरनेटवरचा वर्ग. सप्टेंबर २०२५च्या मध्यावर ‘अनैतिकता रोखण्यासाठी’ बल्ख प्रांतात फायबर ऑप्टिक जोडण्या तोडल्या गेल्या, पाठोपाठ आणखी प्रांतांत. २९ सप्टेंबरला साऱ्या देशाचं इंटरनेट गेलं आणि त्याच तारांवर चालणारे मोबाइलही मुके झाले. बँका अडल्या, विमानं रद्द झाली, परदेशातल्या अफगाणांना घरच्यांचा आवाज ऐकू येईना. सुमारे अठ्ठेचाळीस तास हे चाललं.

आपण बंदी घातलेलीच नाही, जुन्या झालेल्या तारा बदलत आहोत, असं तालिबानचं म्हणणं त्या काळात समोर आलं. देशातल्या लोकांच्या फोनवर ते पोचवण्याची सोय उरली नव्हती. हे निवेदन तालिबानने सीमेपलीकडच्या पाकिस्तानी पत्रकारांच्या एका चॅट-गटात टाकलं होतं.